भावोजींचं हलकं सामान

सामान बांधणं म्हणजे काही डोंगर उपसणं नव्हे, पण भावोजींनी त्याचं शास्त्र करून टाकलं होतं. बेत साधाच होता. चार दिवस सायकलवर फिरायचं आणि रात्री लॉजवर मुक्काम करायचा. जाणार तिघं: ताई, भावोजी आणि ताईची धाकटी बहीण. धाकटी दवाखान्यात नर्स होती. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकायची तिला सवय होती, पण भावोजींचं व्याख्यान ऐकायला त्याहून दांडगी सहनशक्ती लागते असं तिचं मत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बैठकीत दोघींच्या बॅगा उपड्या केल्या. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून मोजे तोलले. स्वतःच्या टूथब्रशचा दांडा कापला आणि उरलेलं थोटूक हिरा पारखावा तसं उजेडात धरून पाहिलं. साबण नको, तो लॉजवर मिळतो. टॉवेल नको, अंग वाऱ्यानं वाळतं. धाकटीचा जाड स्वेटर तर मेलेला उंदीर उचलावा तसा चिमटीत धरून बाजूला टाकला. त्यांची पाठ वळताच धाकटीनं साबण, टॉवेल, स्वेटर सगळं परत कोंबलं. भावोजींची बॅग मात्र खरोखरच जेवणाच्या डब्याच्या पिशवीएवढी होती.

पहिल्या मुक्कामी लॉजवरचा साबण नखाएवढा निघाला. भावोजींनी धाकटीचा नेला. मग टॉवेल नेला, तो चिंब करून परत दिला. एकुलता एक शर्ट धुऊन खिडकीत टाकला होता, तो सकाळी ओलाच राहिला, म्हणून ताईचं जाकीट अंगात चढवलं आणि ताई कुडकुडत निघाली. पण जेवणघरात सायकलवरच फिरणारं एक म्हातारं जोडपं भेटलं, तेव्हा त्यांच्यापुढे हे करंगळीला बॅग लटकवून सांगत होते की माणसाला लागतंच किती! नागोबानं आयत्या बिळात बसून वर बीळ खणायचे धडे द्यावेत, तसला थाट.

चढावर ताई मागे पडायची. भावोजी वर जाऊन झाडाला टेकून उभे राहायचे आणि ती धापा टाकत पोचली की मान हलवायचे.

"तरी मी सांगत होतो," ते म्हणाले. "ओझं आधी मनात भरतं, मग बॅगेत."

धाकटीनं आपली पाण्याची बाटली ताईच्या हातात दिली.

दुसऱ्या लॉजवर पोचेपर्यंत ताईचा गुडघा टम्म सुजला. तिची बॅग जिन्यावरून वर नेताना धाकटीचा खांदा निखळायची वेळ आली. पट्टी शोधायला तिनं बॅग उघडली, तर आत भावोजींचे कातडी बूट, दाढीचं मशीन, पोटाच्या गोळ्या, सायकलचं जाडजूड कुलूप आणि तळाशी घडी घालून दाबलेली त्यांची उशी. परक्या उशीवर त्यांची मान धरते म्हणे.

ताईनं खाली बघतच सांगितलं की त्यांची बॅग भरली, हे उरलं, आणि "तुझ्याकडे जागा आहे" म्हणत त्यांनी ते तिच्या बॅगेत भरलं. धाकटीनं गुडघ्याला पट्टी बांधली. बांधताना ती इतकी घट्ट आवळली की ताई कळवळली. माणूस हलका आहे खरा, धाकटीच्या मनात आलं, पण वजनानं नव्हे. ती भावोजींना जाब विचारायला तरातरा खाली निघाली, तशी ताईनं तिचा हात धरला. तू नको, मी बघते, म्हणाली.

सकाळी नाश्त्याला तेच म्हातारं जोडपं शेजारच्या टेबलावर होतं. भावोजींचं प्रवचन रंगात आलेलं. आजीबाईंनी भाबडेपणानं ताईला विचारलं की यजमान एवढे सुटसुटीत, मग तुमचंच सामान एवढं कसं?

ताईनं आधी चहा संपवला. मग बॅग मांडीवर घेऊन उघडली.

"हे ह्यांचे बूट," ती म्हणाली. आवाज भाजी निवडताना असावा तितका शांत. "हे कुलूप. ह्या गोळ्या. ही उशी."

टेबल भरलं. आजोबा कपात काहीतरी शोधू लागले. भावोजी हसले, मग लाल झाले, मग थट्टेलाही काही मर्यादा असते असं म्हणाले.

"थट्टा नाही," ताई म्हणाली. "उचला."

ती उठली आणि लंगडत सायकलकडे गेली. धाकटीनं उरलेला टोस्ट तोंडात कोंबला आणि मागोमाग पळाली.

दोघी फाट्यावरच्या टपरीत निवांत बसून होत्या, तेव्हा भावोजी सायकल ढकलत उगवले. कॅरिअरला उशी बांधलेली, बूट हँडलला लोंबकळलेले. गिअर बिघडला आहे, असं त्यांनी जाहीर केलं. धाकटीनं चालवून पाहिली. गिअर लोण्यासारखा पडत होता. तिनं तसं सांगितलंही, पण तोवर भावोजींनी घराकडे जाणाऱ्या बसला हात केला होता. सायकल टपावर चढली. खिडकीशी बसून त्यांनी मानेमागे उशी घेतली आणि उतारावर ब्रेक कसे दाबावेत हे बस हलेपर्यंत दोघींना शिकवलं.

आता ताई रडणार, अशा हिशोबानं धाकटीनं रुमाल काढून ठेवला. ताईनं तो घेतला, त्यानं सायकलची सीट पुसली आणि विचारलं, "तुझी रजा वाढवता येईल का गं?"