माझ्या पाठीवरचा मासा

मी कोरियातल्या मोकपो बंदरातला एक सर्व्हर बोलतोय. आवाज घरघरता वाटला तर मनावर घेऊ नका, पंखा जुना झालाय.

माझा जन्म सोलच्या बाजारात, एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. मेंदू एका दुकानातून आला, स्मृती दुसऱ्यातून, आणि पेटी कुणीतरी नको म्हणून परत केलेली. प्रोग्रॅम लिहिणारी हेरिम मला मांडीवर घेऊन आगगाडीनं मोकपोला आली. वाटेत तिनं उकडलेली अंडी खाल्ली आणि टरफलं माझ्या खोक्यावर मांडून ठेवली. तेव्हापासून मी तिचा.

बेटांवर जाणाऱ्या बोटींची तिकिटं लोक फोनवर काढतात. त्या तिकिटांचं पान हेरिमची कचेरी सांभाळायची. कचेरी चार माणसांची, एरवी काम निवांत. पण चुसॉकच्या सणाला पितरांना नैवेद्य दाखवायला बेटांवरची सगळी लेकरं घरी निघतात, आणि विक्री सुरू होते त्या सकाळी नऊच्या ठोक्याला सगळे एकदमच बटण दाबतात. तेव्हा पानामागचा प्रोग्रॅम तगला पाहिजे. नाहीतर कुणाची तरी आई धक्क्यावर वाट बघत बसते.

तिकिटं मी विकत नसे. मी परीक्षेचा सर्व्हर. तिकिटांचं तेच पान तीन भाषांत लिहून माझ्यावर चढवलेलं होतं. समोरच्या कोपऱ्यातलं दुसरं यंत्र खोटी गिऱ्हाइकं होऊन माझ्यावर तुटून पडायचं. कोणता प्रोग्रॅम सेकंदाला किती गिऱ्हाइकांना उत्तर देतो, हे मोजायचं. कचेरीतल्या गिह्वाननं 'गो' भाषेत लिहिलेला तरणाताठा. जावाचा म्हणजे गुडघे धरून उठणारे आजोबा, अंग मोकळं झालं की मात्र कुणाला ऐकत नाहीत. हेरिम त्यांना आधी एक फेरी पळवायची आणि ती मोजायची नाही.

"ही लबाडी झाली," गिह्वान म्हणायचा.

"तुला अंथरुणातून उठवून पळायला लावलं तर तू पळशील? बारा वाजेपर्यंत तुझे डोळे उघडत नाहीत."

तिसरा पीएचपीतला, हेरिमनं स्वतः लिहिलेला. सगळ्यांत जुना, आणि खरी तिकिटं विकणाराही तोच. परीक्षेत त्याची पाळी ती नेहमी शेवटी लावायची. पाहुण्यांना आधी वाढायचं, आपण मागून बसायचं, अशी तिची रीत. मशीनलाही तीच.

आता माशाचं सांगतो. मी आलो त्या दिवशी कचेरीचे मालक बान साहेब यांनी माझी पूजा केली. तांदळाची दारू शिंपडली, मला दंडवत घातला, आणि पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळलेला सुका मासा माझ्या पाठीला बांधला. नशिबासाठी आमच्याकडे नव्या यंत्राला तो बांधतातच. फक्त साहेबांनी तो नेमका पंख्याच्या जाळीवर बांधला. चांगला हातभर लांब, चपटा, उघडून वाळवलेला. माझा श्वास कोंडायचा. पहिल्या परीक्षेला मी गार असायचो, दुसरीला कोमट, तिसरीला अंगाची लाही व्हायची. मग जीव वाचवायला मी आपोआप हळू चालायचो. हेरिमचा प्रोग्रॅम दरवेळी त्याच वेळी पळायला उभा राहायचा. दरवेळी हरायचा. ती आकडे लिहून घ्यायची आणि म्हणायची, "म्हातारा झाला ग बाई माझा." हे सगळं मला ठाऊक होतं. सांगणार कुठल्या तोंडानं?

फेब्रुवारीत पुलावर बर्फ होता. हेरिमची गाडी घसरली.

ती गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकून तिचा धाकटा भाऊ मुयोल कचेरीत आला. बाजारात सुक्या माशांच्या दुकानात कामाला, शाळा केव्हाच सोडलेली. नुनाचा कप आणि तिच्या सपाता न्यायला आला होता. नुना म्हणजे थोरली बहीण. तो तिला दुसऱ्या नावानं कधी हाक मारत नसे.

नेमकी तेव्हाच गिह्वाननं शेवटची परीक्षा संपवली होती. गो, सेकंदाला एकतीसशे. जावा, सव्वीसशे. पीएचपी, आठशे.

"येत्या चुसॉकला एका सेकंदात बाराशे माणसं येतील, साहेब," गिह्वान हळूच म्हणाला. "हेरिमताईंचा प्रोग्रॅम यंदा तगणार नाही. सोमवारी काढून टाकू."

मुयोलच्या हातातल्या सपाता खाली पडल्या. "काय काढून टाकणार?"

"बाळा, ते कामाचं आहे..." बान साहेब उठले.

"सहा वर्षं घासली तिनं त्यासाठी! अजून माती ओली आहे तिची, आणि तुम्ही पुसायला निघालात?"

"ती असती तरी हेच म्हणाली असती," गिह्वान म्हणाला. "आकडे तिनंच लिहून ठेवलेत."

"खड्ड्यात गेले आकडे!" म्हणत मुयोल पुढे आला आणि त्यानं मला तारांसकट उचलून छातीशी धरलं. मला घेऊन जाणार होता, कुठे ते त्यालाही माहीत नव्हतं. दोन पावलांवर थांबला. त्याचा हात माझ्या पाठीवर होता.

"हा मासा गरम का आहे?"

त्यानं मला टेबलावर ठेवलं, मासा चाचपला, हुंगला.

"याचं पोट तापलंय, पाठ गार आहे. शेगडीवर धरल्यासारखा झालाय हा." तो दोरा सोडू लागला.

"हात लावू नकोस!" बान साहेब ओरडले. "कचेरीचं नशीब बांधलंय त्याच्यात!"

"साहेब, असे दोनशे मासे मी रोज बांधतो. मासा उंचावर टांगायचा, तोंड दाराकडे करून. तुम्ही तर त्याला पंख्यावर निजवलाय. नशीब आत येणार कुठून? या यंत्राला श्वाससुद्धा घेता येत नाही."

गिह्वान माझ्या मागे येऊन वाकला. जाळीपाशी हात धरून पाहिला. मग म्हणाला, "तिची पाळी कायम शेवटी असायची."

मासा दारावर गेला. मला तासभर गार होऊ दिलं. मग तीच परीक्षा, त्याच क्रमानं. मुयोल माझ्यासमोर उकिडवा बसला होता. पडद्यावरचं त्याला काही कळत नव्हतं, तरी डोळे हलत नव्हते. मी पोटभर श्वास घेतला आणि पळालो.

गो, बत्तीसशे. जावा, एकोणतीसशे. पीएचपी, एकोणीसशे.

"म्हणजे हरलीच ना?" मुयोलनं विचारलं.

"तिसरीच आली," गिह्वान म्हणाला.

"पण बाराशेला पुरेल की नाही?"

गिह्वाननं बान साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पुरेल. पुरून उरेल. यंदा तिचाच राहू दे."

मुयोल तिथेच जमिनीवर बसून रडला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच, असं तो नंतर म्हणाला.

विक्रीच्या सकाळी तो माशाच्या वासाचा एप्रन घालून कचेरीत हजर. नऊला गर्दी उसळली, तेराशेवर गेली. पान पडलं नाही. वीस मिनिटांत सगळ्या बोटी भरल्या.

पुढे दोन वर्षांनी गर्दी खरंच वाढली आणि गिह्वानचा प्रोग्रॅम आला. ते सांगायला बान साहेब स्वतः माशांच्या दुकानात गेले. या वेळी मुयोल भांडला नाही. त्यानं फक्त मला मागून घेतलं.

आता मी त्याच्या दुकानातल्या वरच्या फळीवर असतो. आठवड्यातून एकदा तो मला चालू करतो आणि एका बोटानं टाइप करतो: मोकपो ते होंगदो बेट, प्रवासी एक. ते तिकीट कुठल्याच बोटीवर चालत नाही, हे त्याला माहीत आहे. हेरिमनं लिहिलेली ओळ पडद्यावर येते: "जागा आहे. सांभाळून या."

मुयोल, एकच मागणं आहे. माझा पंखा थांबेल त्या दिवशी मला दोष देऊ नकोस. तोवर हवं तितकं सावकाश विचार. सेकंदाला एकोणीसशे माणसांना पुरणारी माझी सगळी ताकद आता तुझ्या एका प्रश्नासाठी आहे.