हललेलं माप

बाबांनी माझ्यासाठी जुनी रायफल ठेवली आणि तिच्यासोबत एक चमचा. चमचा म्हणजे काडतुसाची कापलेली पितळी पुंगळी, तारेचा दांडा डाग देऊन लावलेली. बंदुकीच्या दारूच्या वाडग्यात तो बुडवायचा, वर काढायचा, खेळायच्या पत्त्याने शीग पाडायची आणि नरसाळ्यातून रिकाम्या पुंगळीत ओतायचं. "माप हलवायचं नाही," बाबा सांगायचे, "हलवून भरलं की जास्त मावतं." मला वाटायचं, यात शिकवण्यासारखं काय आहे? केकचं पीठ मी असंच मोजते. माझा केक कधी फुगलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता. गेल्या वर्षी त्या दिवशी मी इतकी अवघडलेली होते की पालथं पडून नेम धरायचा तर पोटासाठी खड्डा खणावा लागला असता. मग ओपल झाली. तेव्हापासून मी एकटी अशी फाटकापाशी टपाल आणायला तेवढी गेले होते. हा एक दिवस मला हवा होता. नवरा तेलाच्या विहिरींवर कामाला, पण सासू पहाटे येऊन ओपलला सांभाळणार होती. अडचण एकच. बाबांच्या रायफलीची काडतुसं गावातल्या दुकानात संपली होती. घरी भरली तर मी डोंगरावर, नाही भरली तर स्वयंपाकघरात, गाजर कुस्करत.

ओपल दुपारी झोपते, पण झोके चालू असतील तरच. म्हणून मी तिची झुलती खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवली, तिला दोरी बांधली आणि दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला. मी गॅरेजमध्ये कामाच्या बाकाशी. पाय झोका देतोय, हात माप भरतायत. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

काही मापं झाली की एक तराजूत टाकून बघायचं, अशी आमच्याकडची रीत. मी टाकलं. दांडी खाली, वर, पुन्हा खाली. थांबेचना. 'म्हातारा झालास बाबा,' मी तराजूला म्हणाले, 'सांधे गेले तुझे,' आणि पुढचं माप भरलं. शेवटी सगळ्या पुंगळ्यांवर गोळ्या बसवल्या, काडतुसं फुलाच्या आकारात मांडली आणि फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

तेवढ्यात माझी सासू आर्लिस भोपळ्याचा पाव घेऊन आली. तिने ओपलकडे पाहिलं. मग दोरीकडे, माझ्या अंगठ्याकडे, बाकाच्या फळीला टेकलेल्या माझ्या गुडघ्याकडे.

"वजन करून बघितलंस?"

"तराजू बिघडलाय. एका जागी थांबतच नाही."

"तो थांबत नाही, की तू?"

मी पाय थांबवला. दांडी अगदी शहाण्या मुलासारखी स्थिर झाली. वाडग्यातून एक माप काढून तराजूत टाकलं तर भार हवा त्याहून जास्त. गुडघ्याच्या हादऱ्यांनी वाडग्यातली दारू खाली बसत, दाटत गेली होती. चमचा तोच, पण त्यात मावत होतं जास्त. आणि झोका थांबला म्हणून ओपलने टाहो फोडला.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? फोड सगळी."

"सुरुवातीची तरी बरी असतील."

"सुरुवातीची कुठली?"

मी फुलाकडे पाहिलं. फुलाला सुरुवात नसते.

"एखादं जड भरलेलं असलं तर रायफल तोंडावर फुटते, ठाऊक आहे ना?" आर्लिस म्हणाली. "या पोरीला आई लागते, पोरी. अख्खी."

"मग उद्याचं राहिलं."

"राहिलं कशाने? मी हिला गाडीत घालून नाल्यापर्यंत चक्कर मारून आणते. तू बस आपटत. आणि त्याआधी या फुलाचा फोटो मला पाठव, नाताळच्या कार्डावर छापू."

काडतूस फोडायला हातोड्यासारखं अवजार असतं. त्यात काडतूस अडकवायचं आणि ओंडक्यावर आपटत राहायचं. मी माझं फूल पाकळी-पाकळीने आपटलं. ती दारू आणि वाडग्यातली उरलेली बाजूला काढली, वाडग्यात डब्यातली ताजी ओतली आणि नव्याने बसले. तराजू पुन्हा नाचायला लागला! घरात ओपल नाही, अंगठ्याला दोरी नाही, तरी माझा पाय आपला झोका देतोच आहे. दटावलं, तरी ऐकेना. शेवटी स्टुलावर मांडी घालून बसले, दोन्ही पाय खाली दाबून. मग दांडी थांबली. भार बरोबर.

आर्लिस परतली तेव्हा ओपलचं नाक थंडीने लाल झालं होतं आणि माझी पाच काडतुसं तयार होती.

"पाचच?"

"हरणाला एक पुरतं."

"हरणाला पुरेल गं, तुला पुरेल का ते विचारतेय."

पहाटे आर्लिस आली तेव्हा ओपल गाढ झोपलेली. मी बूट घातले आणि तिचं पांघरूण सारखं केलं. रायफल गाडीत ठेवून परत आत आले, पांघरूण पुन्हा सारखं केलं.

"तिला मी नसलेली कळेल ना?"

"कळेल. रडेल. मग खाईल."

"तिला रडू आलं की माझा स्वेटर तिच्याजवळ..."

"अजून ती रडत नाहीये," आर्लिस मला रुमाल देत म्हणाली. "रडतेयस तू. जा आता, नाहीतर तिकडे हरणं म्हातारपणाने मरतील."

मी नाक पुसलं आणि निघाले.