पानावरचं मौन

गिरजानं पहिला घास तोंडात घातला आणि अंगणात माणसं आली.

श्रावण होता. चातुर्मासात एकवेळ जेवायचं आणि जेवताना मौन पाळायचं, असं तिचं व्रत होतं. पहिल्या घासापासून हात धुईपर्यंत शब्द नाही, हुंकार नाही, मानसुद्धा हलवायची नाही. सगळ्या गुंद गावाला हे ठाऊक होतं.

"देवीचे चांदीचे डोळे चोरीला गेलेत," पोलीस पाटील मारुती ओसरीवर टेकत तिच्या नवऱ्याला म्हणाला. "आणि वासू, पहाटे तुला देवळामागनं जाताना या धाकलूनं बघितलंय."

चोरी झालीच नव्हती. ते डोळे गिरजाच्या पाठीमागं, चुलीशेजारच्या वाडग्यात, चिंचेच्या पाण्यात बुडालेले होते. दरवर्षी म्हादू गुरव ते स्वतः घासायचा. यंदा विळीवर त्याचा अंगठा कापला, म्हणून सकाळी रामनगरला लेकीकडे जाता जाता तो ते तिच्या हाती देऊन गेला. आणखी कुणाला सांगायचं म्हातारा विसरला.

"मी घरात हुतो," वासू म्हणाला. "इचारा हिला."

सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून आत बघितलं. गिरजानं भातावर आमटी ओतून घेतली.

"ती जेवल्याबिगर बोलायची न्हाई," शेजारची तारा म्हणाली.

"मग बसू की," पाटील म्हणाला. "जेव गे बाय, सावकाश जेव."

ती सावकाशच जेवत होती. मागच्या सोमवारी वासरू रोपात शिरलं तेव्हा ती पानावरूनच ओरडली होती, आणि मौन मोडलं म्हणून पान सोडून दिवसभर उपाशी राहिली होती. व्रत मोडलं तर एक जेवण जातं, त्यापलीकडे काही नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. वासरासाठी तिनं ते घालवलं होतं.

पण तीन आठवडे हा माणूस पहाटे उठून हरवलेली म्हैस हुडकायला जात होता आणि म्हैस काही सापडत नव्हती. कुठं जाता म्हणून विचारलं, की हसायचा, तिच्या केसांत अबोली खोवायचा, आणि बोलणं तिथंच संपायचं. कुणाच्या तरी दारात जातो, एवढं तिनं ओळखलं होतं. कुणाच्या, ते आज कळणार होतं.

"घरात हुतास, तर देवळामागं कोण हुतं?"

"म्हस हुडकायला गेलो असंन."

"तुझी म्हस पंधरा दिस माझ्या दावणीला हाय," धाकलू म्हणाला. "निरोप दोनदा धाडला. तू आलाच न्हाईस."

माणसं हसली.

"मध काढायला गेल्तो."

"श्रावणात मध कुठला रं? पावसाचा?"

पुन्हा हसली. गिरजानं डाव्या हातानं आणखी भात वाढून घेतला.

पाटील मात्र हसत नव्हता. "सुप्याहून पोलीस आणतो. देवीच्या चोराला गावात पाणी न्हाई, इस्तव न्हाई. तुला न्हाई, हिलाबी न्हाई."

वासू दारात येऊन उकिडवा बसला. "गिरजे," तो हळूच म्हणाला, "एकदा बोल. पाया पडतो तुझ्या."

तिनं त्याच्याकडे बघितलं आणि भातावर ताक घेतलं.

"केसरकडं हुतो," वासू जमिनीकडे बघत म्हणाला.

आता कुणी हसलं नाही. केसर ही धाकलूच्या मेलेल्या भावाची बायको, देवळामागच्या टेकाडावर एकटी राहायची.

"रोज?" धाकलूनं विचारलं.

"रोज."

धाकलू उठला. त्याच्यामागून बाकीचे उठले. चोरीचं नाव कुणी काढलं नाही.

गिरजानं ताट पुसून खाल्लं, परसात हात धुतले, चूळ भरली. मग वाडग्यातले चांदीचे डोळे पदरानं कोरडे करून नवऱ्यापुढं धरले.

"गुरवानं घासायला दिल्यात सकाळी."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग बोलली न्हाईस का?"

"जेवत हुते."

टेकाडावरून, केसरच्या अंगणात भांडी फेकल्याचे आवाज येऊ लागले. मग एका बाईचं रडणं. वासू धडपडत उठला. "जाऊन सांगतो, डोळं सापडलं म्हणून."

"सांगा की. चोरी झाली न्हाई म्हणावं. केसरचं काय म्हणणार?"

तो पायरीपर्यंत गेला. तिथं उभा राहिला, बराच वेळ. मग परत ओसरीवर येऊन बसला.

गिरजानं देवघराकडे हात जोडले, पुटपुटली काहीतरी. मग त्याचं ताट मांडलं.

"भात निवतोय," ती म्हणाली.

वासू आत आला, पाटावर बसला आणि जेवला. तिनं त्याला दोनदा वाढलं.