जावयाने हौसेने आणलेला फिल्टर

मित्रांनो, पिकअपचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या शेजारी एक काळा, बोजड प्लॅस्टिकचा डबा दिसतो. तोच मी, एअर फिल्टरचा डबा. रूपाने मी कधीच कुणाच्या नजरेत भरलो नाही. कारखान्यात मला साच्यातून काढलं, माझ्या पोटात घड्याघड्यांचा कागदी फिल्टर बसवला, झाकणाला क्लिपा लावल्या आणि एका डिझेल गाडीत कायमचं बसवलं. कायमचं, असं मला वाटलं होतं!

इंजिनाला डिझेल लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला हवाही लागते, हे मात्र कुणाच्या गावीही नसतं. मी पुढच्या नळीतून बाहेरची गार हवा घ्यायचो, तिच्यातली धूळ पोटात अडवायचो आणि स्वच्छ हवा टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याकडे, पाठवायचो. आमचं काम खडीच्या खाणीवर. तिथली धूळ म्हणजे काय विचारू नका! दगडाची पिठासारखी भुकटी नाकात, डोळ्यांत, जेवणाच्या डब्यातसुद्धा. गाडीचे मालक आणि ड्रायव्हर एकच, अण्णा. सुट्टीच्या दिवशी ते माझं झाकण उघडत, फिल्टर झटकत, मला फडक्याने पुसत आणि म्हणत, "तू आहेस म्हणून निभावतंय रे बाबा." तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. प्लॅस्टिकला मांस कुठलं, असं म्हणाल. म्हणा बापडे.

अण्णांना एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जावई मोबाइलच्या दुकानात कामाला, मनाचा मोठा दिलदार, पण गाड्यांच्या व्हिडिओंचं त्याला भारी वेड. एकदा तो एक चकचकीत खोका घेऊन आला. आत शंकूसारखा लाल फिल्टर होता.

"मामा, हा बसवून तर बघा. गाडीची ताकद वाढेल, ॲव्हरेज वाढेल!"

बाह्या सरसावून त्याने मला उपटलं आणि त्या लाल पाहुण्याला माझ्या जागी बसवलं. गाडी सुरू झाली आणि अशी फुत्कारली की शेजारीपाजारी बाहेर आले. सगळे वा वा करू लागले. अहो, आवाज वाढला होता. ताकद होती तेवढीच होती!

त्या फिल्टरची जातच वाईट, असं मी म्हणणार नाही. मुद्दाम फेरफार करून बांधलेल्या शर्यतीच्या इंजिनाला जास्त हवा लागते, तिथे त्याचा उपयोग होत असेल. आमच्या इंजिनाला जेवढी हवा हवी होती, तेवढी मी देतच होतो. हा मात्र उघडाबोडका बसून इंजिनाजवळची तापलेली हवा ओढायचा आणि बारीक धूळ खुशाल आत सोडायचा.

मला शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. माझ्या पोटात गंजके नटबोल्ट आणि सुतळीचे तुकडे येऊन पडले. तिथून मला गाडी समोरच दिसायची. आठवडाभरात अण्णांनी फिल्टरमागची नळी सोडवली आणि आत बोट फिरवलं. बोटावर पांढरी भुकटी! शेजारी उभ्या असलेल्या मेकॅनिकने ती पाहिली.

"अण्णा, हे आजच्या आज काढा. जुना डबा बसवू या."

अण्णांनी बोट पँटला पुसलं. "अरे, जावयाने हौसेने दिलंय. काढलं तर त्यांचं तोंड उतरेल. पोर अजून नवी आहे त्या घरात. तिला उगाच टोमणे नकोत."

त्यांनी नळी पुन्हा जोडली. मला ओरडावंसं वाटत होतं.

त्यानंतर जावई आला की विचारायचा, "काय मामा, कशी पळते?" अण्णा हसून म्हणायचे, "एकदम झकास!" बिचारा आणखी खूश व्हायचा. एकदा तर त्याने स्वतः तो फिल्टर धुतला. अशा फिल्टरला धूळ चिकटावी म्हणून थोडं तेल लावतात; पण जास्त तेल म्हणजे जास्त धूळ अडणार, अशा समजुतीने त्याने त्याला तेलाने न्हाऊ घातलं. ते तेल मागच्या नळीत गेलं आणि हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरवर बसलं. मग हवेचं माप चुकून भरलेली गाडी चढावर धापा टाकू लागली. अण्णा ॲक्सिलरेटर आणखी दाबायचे, घरी येऊन कपाळाला हात लावून बसायचे, पण जावयासमोर चकार शब्द नाही.

शेवटी एका दुपारी गाडी दोराने ओढत आणली. मेकॅनिकने टर्बो उघडला. त्याची पाती उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. "इंजिनही आतून झिजलंय, अण्णा," तो हळूच म्हणाला. "आता यात काही राम नाही."

मुलगी आणि जावई धावत आले. जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. "मामा, पहिल्याच आठवड्यात सांगायचं ना! मी माझ्या हाताने काढून दिला असता."

मुलगी रडतच म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी गप्प बसलात? मग मलाच एकदा विचारायचं. हे असे नाहीत हो."

नवं इंजिन बसवायला अण्णांकडे पैसे नव्हते. जिच्यावर घर चालत होतं ती गाडी गेली. खाणीच्या फेऱ्या दुसऱ्याला मिळाल्या. आता अण्णा या वयात दुसऱ्याची गाडी चालवतात आणि त्याची बोलणी खातात.

मित्रांनो, यंत्राला जपा, त्याचा श्वास स्वच्छ ठेवा, एवढं तर मी सांगेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. कुणी प्रेमाने दिलेली वस्तू तुम्हाला मानवत नसेल, तर तसं त्याला सांगा. तो रुसेल, चार दिवसांनी हसेल. अण्णांनी ज्याचं तोंड उतरू नये म्हणून गाडी घालवली, तो जावई आता या घरात आला की अण्णांच्या नजरेला नजर देत नाही. चहा तसाच ठेवून उठतो. आणि मुलगी दोघांच्या मध्ये उभी राहून कुणाशी आधी बोलावं याचा विचार करत राहते.