कमरेची चटई

"चटई काढ, लोसालीन. फोटोवाला येतोय," ग्रँट म्हणाला.

लोसालीन तौफा प्रशिक्षणाच्या खोलीच्या दारात उभी होती. अंगात काळा झगा, आणि त्यावर कमरेपासून पोटऱ्यांपर्यंत गुंडाळलेली केवड्याच्या पानांची जाड, जुनी, कडा उसवलेली चटई. वरून काथ्याची दोरी आवळलेली. नवरा सेमिसी जाऊन सात आठवडे झाले होते. सेमिसीच्या थोरल्या बहिणीने ही दुखवट्याची चटई तिच्या कमरेला बांधली होती, आणि टोंगा बेटांवरून आलेल्या टोंगन घरात अशा वेळी नणंदेचा शब्द शेवटचा. ती सांगेल तेव्हाच चटई उतरायची. सूट फक्त यंत्रापुरती.

"यंत्रापाशी मी रोज काढते की नाही?" लोसालीनने विचारलं.

"काढतेस. पण..."

"इथं कुठलं यंत्र आहे? खुर्च्या आहेत. खुर्ची काही माणसाला चटईसकट आत ओढत नाही."

ग्रँट पाळीचा मॅनेजर. मांगेरे उपनगरातल्या त्या धुलाई कारखान्यात इस्पितळांच्या चादरी, झगे, टॉवेल धुऊन, इस्त्री होऊन, घड्या होऊन निघत. ग्रँटच्या हातात सतत कॉफीचा कप आणि तोंडात सतत समजूत.

"अगं, कार्यक्रम मनाच्या स्वास्थ्याचा. मुख्य कचेरीत फोटो जाणार. त्यात हे सुतक कशाला?"

"मग सुतक कुठल्या कार्यक्रमाला न्यायचं, ते तरी सांग."

ग्रँटने घोट घेतला. "फोटोच्या वेळी बघू," म्हणाला आणि बाजूला झाला.

त्याचं असं होतं. कंपनीने कामगारांसाठी चार बैठकांचा एक कार्यक्रम विकत घेतला होता. मनात येणारं दुःख, भीती, नको ते विचार यांच्याशी दिवसभर झोंबत बसायचं नाही. त्यांना बरोबर घेऊन, आपल्याला जे मोलाचं वाटतं त्या दिशेला पाऊल टाकायचं, असा त्याचा गाभा. शिकवणारे बाहेरून यायचे नव्हते, कामगारांतलेच तयार करायचे होते. त्यासाठी वेलिंग्टनहून फिलिपा नावाची तरुण मानसतज्ज्ञ आली होती. गेल्या आठवड्यात दोन दिवस शिकवून झालं होतं. आज परीक्षा. प्रत्येकाने आपल्याच माणसांपुढे एक पाठ घ्यायचा, फिलिपा मागे बसून वीस चौकटींचा तक्ता भरणार. सोळा बरोबर आल्या की पास.

बॉयलरवाला हेमी सकाळीच सतरा घेऊन सुटला होता. उरला घड्यांचा विभाग. तिथे एक तर लोसालीन शिकवणार, नाही तर ग्रँटची मदतनीस ट्रेसी. आणि ट्रेसीपुढे घड्यांच्या टेबलावरची एकही बाई तोंड उघडणार नाही, हे लोसालीन ओळखून होती. डॉक्टरला सांगतात, पाद्र्याला सांगतात, तेच ट्रेसीला सांगतील: मजेत आहे. बायका मजेत आहेत असा कागद वर जाईल आणि बायका घरी जाऊन मोरीत रडतील. बावीस वर्षं त्यांच्या समोरचं चादरीचं टोक तिने धरलं होतं. हे व्हायला नको होतं.

पण पंधरा मिनिटांपूर्वी एक घोटाळा लक्षात आला होता.

फिलिपाने पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकेक कार्ड दिलं होतं. मनाला सगळ्यात जास्त टोचणारं वाक्य त्यावर लिहा आणि आठवडाभर खिशात बाळगा. फेकू नका, फाडू नका, फक्त बाळगा. आजच्या पाठात शिकवणाऱ्याने आपलं कार्ड काढून दाखवायचं होतं. लोसालीनने लिहिलं, एप्रनच्या खिशात ठेवलं आणि बुधवारी एप्रन धुवायला टाकला. बावीस वर्षांत परक्यांच्या खिशांतून तिने सुया काढल्या, कात्र्या काढल्या, एकदा दातांची आख्खी कवळी काढली. नव्या पोरींना ती पहिला धडा हाच द्यायची: आधी खिसा, मग साबण. स्वतःच्या खिशात हात घालायचा तेवढा राहिला. धुलाईतून परत आली ती वाटाण्याएवढी पांढरी गोळी.

"आँटी, दुसरं लिही की," हेमी म्हणाला होता. "कार्डांचा गठ्ठा पडलाय तिथं."

"दुसरं लिहिलं तर ते शुद्धलेखन होईल रे हेमी."

खोलीत बारा बायका बसल्या होत्या. हेमीने माओरीत प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी मान खाली घातली, वर केली. ग्रँट दाराला टेकून उभा. फिलिपाने पेन उघडलं.

लोसालीनने पुस्तक हातात धरलं आणि वाचायला लागली. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. तिचा आवाज तिलाच कुणा दुसऱ्या बाईचा वाटत होता. मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली. मग ती ओळ आली: आता आपलं कार्ड दाखवा.

ती थांबली. थांबली ती इतकी, की फिलिपाचं पेनही वर राहिलं.

दर दोन महिन्यांनी एका रविवारी लोसालीन ख्रिस्ती देवळात प्रवचनाला उभी राहत असे. टोंगन प्रवचन म्हणजे एकटीने बोलायचं काम नव्हे. बुवांनी पद सोडावं आणि मागच्या टाळकऱ्यांनी ते वरच्या वर झेलावं, तसं तिथे चांगलं वाक्य पडलं की बाकांवरून "मालिये!" अशी दाद उठते आणि बोलणाऱ्याच्या पायाखाली जमीन येते. ती जमीन आत्ता तिला हवी होती. तिने पुस्तक मिटून खुर्चीवर ठेवलं.

"माझं कार्ड धुतलं गेलं, बायांनो," ती म्हणाली. "एप्रनच्या खिशात राहिलं."

 मग फेतू, सामोआची पोर, फिसकन हसली. "आँटी! आधी खिसा, मग साबण!" आणि सगळी खोली हसली.

"हसा, हसा. तर कार्ड गेलं. पण त्यावरचं वाक्य काही साबणाने गेलं नाही. वाक्य असं होतं: त्या दिवशी मी जादा पाळीला थांबले."

हसू जागच्या जागी बसलं.

"साडेतीनला ग्रँटने विचारलं, थांबतेस का. मी हो म्हटलं. सेमिसी चारच्या सुमारास स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला, डॉक्टर म्हणाले. मी घरी पोचले आठला. माझं ताट झाकून ठेवलेलं होतं." तिने चटईवर तळहात ठेवला. "हे माझं कार्ड. खिशात मावत नाही, म्हणून आम्ही कमरेला बांधतो. हे घालून चालताना जड होतं, बसताना टोचतं. बसमध्ये लोक बघतात. पण हे बांधून मी स्वयंपाक केलाय, बस पकडलीय, नातवाला शाळेत सोडलंय. ते निघून जाईल तेव्हा जगायला लागेन असं नाही. ते घेऊनच निघायचं."

"मालिये," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"तुमचं जे असेल ते कार्डावर लिहा. मला दाखवू नका. नुसतं हातात धरा, आणि वजन बघा."

बारा माना खाली वाकल्या. पेनांचा आवाज आला. एक बाई लिहिता लिहिता थांबली आणि कार्ड छातीशी धरून बसली.

फेतूने हात वर केला. "आँटी, म्हणजे जादा पाळी लावली तरी तीपण अशीच उचलायची? कुरकुर न करता?"

"बरोब्बर!" दारातून ग्रँट म्हणाला. "विरोध सोडून द्यायचा. हेच तर शिकायचंय सगळ्यांनी. शाबास फेतू."

लोसालीन त्याच्याकडे वळली. चटई करकरली.

"नाही, ग्रँट. ते नाही शिकायचं. माझ्या आत जे दुखतं ते माझं. ते मी उचलीन. तू आणून माझ्या खांद्यावर ठेवतोस ते माझं नव्हे. ते मी खाली ठेवू शकते. आणि दोन्ही एकच आहेत असं या खोलीत कुणी सांगणार असेल, तर मी शिकवत नाही. ट्रेसीला बोलाव."

"मालिये!" आता तीन-चार आवाज होते.

"पुढचं पान असं आहे, बायांनो: आपल्याला मोलाचं काय ते बोला, आणि आज त्या दिशेला एक पाऊल टाका. मला माझं घर मोलाचं आहे. आता त्यात कुणी वाट बघत नाही, तरी मोलाचं आहे. आजपासून मी साडेतीनला घरी जाणार. जादा पाळी मर्जीची आहे, करारात लिहिलंय. मी काल चष्मा लावून वाचलं."

"हे असलं पुस्तकात नाहीये," ग्रँट म्हणाला. कप हातात, पण घोट घ्यायचं विसरला होता.

"आहे," मागून फिलिपा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "चौथ्या पानावर. अगदी हेच आहे."

फोटोच्या वेळी लोसालीन पहिल्या रांगेत मधोमध जाऊन उभी राहिली. फोटोवाल्याने ग्रँटकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पूर्ण घेऊ, की कमरेपर्यंत?"

"पूर्ण घे, बाबा. पायसुद्धा येऊ देत."

 बारा बायका तिच्या भोवती अशा दाटल्या होत्या की ग्रँटला बोलायला फटच नव्हती.

पांगापांग झाल्यावर फिलिपा तक्ता घेऊन जवळ आली. "सोळा होताहेत. पण त्यातली एक चौकट अडलीय. ‘कार्ड दाखवलं.’ तिथं काय लिहू?"

"दिसलं ते लिही, पोरी."

फिलिपाने चटईकडे पाहिलं, आणि ठळक खूण केली.

साडेतीनला भोंग्यावरून नेहमीची हाक आली: जादा पाळीला कोण थांबतंय? लोसालीनने हातातली चादर घडी घालून संपवली, टोकाला टोक जुळवून. खुंटीवरची चटई काढली, दोन वेढे घेतले, काथ्याची दोरी आवळली. दारातून बाहेर पडताना पाठीमागे एक इस्त्रीचा रोलर थांबल्यासारखा वाटला. ती वळली नाही.

बस पटकन मिळाली. कुलूप काढून ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा चार वाजत होते. सोमवार ते शनिवार पाळी आणि वर जादा पाळी, रविवारी दोन्ही वेळा देऊळ. या वेळचं हिवाळ्यातलं ऊन या घरात कुठवर येतं, हे इतक्या वर्षांत तिला ठाऊकच नव्हतं.

ते खिडकीतून टेबलावर आलं होतं, टेबलावरून उतरून सेमिसीच्या खुर्चीवर. गादीचा खोलगट भाग उजळला होता. तिने तिथे हात ठेवला. ऊब होती.

म्हणजे त्या दिवशी तो उन्हात बसला होता.

लोसालीनने चटई सावरली आणि समोरच्या खुर्चीत बसली. ऊन सरकत खुर्चीवरून उतरलं, भिंतीवर चढलं, आणि गेलं. मग तिने उठून दिवा लावला आणि एकटीपुरता भात टाकला.