ढिगावरचा हात

मी जीवनभाऊंचा मोबाइल बोलतोय. बोलणं हाच माझा धंदा, पण आजवर बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. स्वतःचं म्हणून आज पहिल्यांदा तोंड उघडतोय, आणि तेही अशा वेळी की ऐकायला कोणाचं चित्त ठिकाणावर नाही.

आदिलाबादच्या एका दुकानातून जीवनभाऊंनी मला घरी आणलं. घेताना त्यांनी मला उलटंपालटं केलं, पाठीवर टिचकी मारून आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाले, "माल बरा वाटून राह्यला." मला जरा रागच आला. मी काय भोपळा आहे? पुढं कळलं, की हा माणूस सगळ्याच वस्तू अशा घेतो. भाजीबाजारात बोली पुकारणं हे त्यांचं काम.

सकाळी गावोगावचे शेतकरी वांगी, टमाटे, हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन येतात. जीवनभाऊ ढिगाजवळ उभे राहतात आणि मराठी, तेलुगू, हिंदी अशा तिन्ही भाषांत भाव चढवत नेतात. एकजण चाळीस म्हणाला, की ते तोच आकडा तेलुगूत 'नलभै' म्हणून पलीकडच्या व्यापाऱ्याला डिवचतात. कोण आणखी वर जाईल आणि कोण इथंच गळपटेल, हे त्यांना आधी कळतं. "मानूस थुकी गिळते," ते सांगतात, "मंग समजायचं, आता बोली तुटली."

त्या बाजारात एक जुनी रीत आहे. बोली चढत असताना शेतकऱ्यानं आपल्या ढिगावर हात ठेवला, की बोली तिथंच थांबते आणि माल त्या भावाला जातो. हात कधी ठेवायचा, हे बहुतेक जण जीवनभाऊंच्या डोळ्यांकडे बघून ठरवतात. त्यांनी पापणी लववली की हात ढिगावर. पैनगंगेकडच्या गावातून येणाऱ्या देवकाबाई तर व्यापाऱ्यांकडे बघतही नाहीत, फक्त त्यांच्याकडे बघतात. वर्षानुवर्षं हे असं चाललंय, आणि त्यात कधी दगाफटका झाला नाही.

माझेही दिवस मजेत जात होते. अंगाला मेथीची माती, खिशात तंबाखूच्या पुडीचा शेजार. कानाशी धरायचा माझा बारका स्पीकर त्या मातीनं पार बुजून गेला, त्यामुळं आलेला प्रत्येक निरोप मी मोठ्यानंच ओरडायचो. रंजीतावहिनी, म्हणजे जीवनभाऊंची बायको, मला चिडवायच्या, "मालकाची हवा लागली याले."

मग एका दुपारी कोणीतरी एक लिंक पाठवली. बाजार उठला होता, जीवनभाऊ रिकाम्या क्रेटवर बसले होते. त्यांनी बोट लावलं आणि माझ्या काचेवर एक लाल फुगा वर चढू लागला. फुग्याबरोबर आकडा वाढतो, दीडपट, दुप्पट, तिप्पट. फुटायच्या आत 'काढून घ्या' हे बटण दाबलं, तर लावलेल्याच्या तेवढे पट तुमचे. आधीच फुटला, तर लावलेलं गेलं. खेळ एवढाच.

जीवनभाऊ हसले. "अरे, हे तं आपलंच काम हाये," म्हणाले. त्यांना तो चढता फुगा म्हणजे चढती बोली दिसली, आणि ते बटण म्हणजे ढिगावरचा हात. बाजूला भराभर नावं सरकत होती, अमक्यानं इतक्यावर काढले, तमक्यानं तितक्यावर. ते त्यांना व्यापारी वाटले.

पण डोळे मिटून माल घेणाऱ्यातले ते नव्हते. आधी नुसत्या सरावाचा खेळ खेळले, त्यात पैसे खोटे असतात. तिथं हात असा बसला की विचारू नका. मग खरे लावले, थोडे, आणि जिंकले. त्यानंतर मात्र ते दुपार दुपार बसून फुग्याची पारख करू लागले. जेवणाआधीचा फुगा हलका, लवकर फुटतो. दोनदा झटकन फुटला, की तिसरा दमानं चढतो. ही सगळी पारख ते माझ्यात बोलायचे आणि बाजारातल्या मंडळींच्या ग्रुपवर पाठवायचे. जीवनभाऊंनी पारखला म्हटल्यावर पुढं कोण बोलणार?

रंजीतावहिनींनी एकदा माझ्यात डोकावून बघितलं. "बंदी हाये ना याले आपल्याकडं?"

"लिंकवर चालते."

"पन समोर कोन हाये? बोलीत मानसाचं तोंड दिसते. इथं कोनाची थुकी पाहून राह्यले तुमी?"

जीवनभाऊ उलट त्यांच्यावरच रागावले. माणसांची ही सवय मी फार जवळून पाहिली आहे.

वहिनींचं खरं होतं. समोर कोणीच नव्हतं. आकडे कुठून तरी लांबून यायचे आणि मी ते काचेवर मांडायचो. पुढचा आकडा मलाही कळत नसे. जीवनभाऊ श्वास रोखून फुग्याकडं बघायचे, पण फुगा त्यांच्याकडं बघतच नव्हता. बाजारात हात ठेवला की बोली थांबते, कारण माणसं थांबतात. इथं थांबणारं कोण होतं? मला हे ओरडून सांगावंसं वाटायचं, पण मला फक्त दुसऱ्यांची वाक्यं ओरडता येतात.

हळूहळू फुगा त्यांचा अंगठा पोचायच्या आधीच फुटू लागला. गेलेलं भरून काढायला आणखी लावलं, तेही गेलं. अंगठा घामानं माझ्या काचेवर घसरायचा. ग्रुपवर मात्र गेलेल्या डावांबद्दल अवाक्षर नाही. का, ते मला समजत होतं. ज्याची नजर इथं चुकली, त्याची नजर ढिगापाशी खरी कशी मानायची? त्यांचं सगळं आयुष्य त्या नजरेवर उभं होतं.

अशातच लखनचा निरोप आला. लखन म्हणजे देवकाबाईंचा मुलगा, वांग्याची वाडी तोच बघतो. "जीवनभाऊ, तुमी खरंच पारखला ना? मी जास्त लावून राह्यलो."

जीवनभाऊंनी बोलायला सुरुवात केली आणि खोडलं. पुन्हा बोलले, पुन्हा खोडलं. शेवटी म्हणाले, "चोख हाये. फक्त हात वेळेवर ठेव." तो त्यांचा बाजारातलाच आवाज होता, भरदार आणि खात्रीचा. मी तो जसाच्या तसा पोचवला.

आज सकाळी देवकाबाई बाजारात आल्या. ढीग इवलासा, वांगी सुरकुतलेली. जीवनभाऊंनी विचारलं, "माय, मालाले काय झालं?"

"पानीच नाई रे बाप्पा. लखननं इहिरीवरची मोटर दुरुस्तीले नेली, ते आलीच नाई. अन् काल बासरले देवीच्या दर्शनाले जातो म्हनून गेला, तोबी आला नाई. माया फोन उचलत नाई. तुया उचलंन. लाव बरं."

"लावतो माय. आधी बोली होऊ दे."

बोली सुरू झाली, पण जीवनभाऊंच्या आवाजात आज जीव नव्हता. सुरकुतलेल्या मालाला व्यापारीही नाक मुरडत होते. तेवढ्यात मी खिशात थरथरलो. लखनचं नाव बघून त्यांनी निरोप लावला, आणि माझी खोड तुम्हाला ठाऊकच आहे. साऱ्या बाजाराला ऐकू गेलं.

"जीवनभाऊ, बासरले गोदावरीच्या पुलावर हावो मी. मोटर इकून लावले होते, सारे गेले. थोडेसेच उरले. हात कधी ठेवू ते तुमी सांगा, हा शेवटचाच डाव. नाई साधला तं मायले सांगजा, वाट पाहू नको म्हना."

बोली थांबली. ढिगावर कोणाचा हात नव्हता, तरी थांबली.

जीवनभाऊंनी फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, तर बंद. चंपत नावाचा व्यापारी जीप काढायला धावला, आणखी कोणी पोलिसांना फोन करू लागला. देवकाबाई जीवनभाऊंच्या डोळ्यांकडं बघत होत्या, नेहमी बघतात तशा.

जीवनभाऊंनी थुंकी गिळली. मी पाहिली. मग निरोप पाठवायला मला तोंडाशी धरून ते भर बाजारात बोलू लागले, आणि तो आवाज बोलीचा नव्हता.

"लखन, मी काई पारखलं नाई रे. मले त्यातलं काईच समजत नाई. माये बी सारे गेले, लाजेनं सांगतलं नाई. तुयी चूक नाई बाप्पा, मायी हाये. मोटर जाऊ दे, वाडी जाऊ दे. तू पुलावरून मांगं फिर, देवळात जाऊन बस. मी मायले घेऊन येऊन राह्यलो. लखन, ऐकतं ना?"

आता आम्ही रस्त्यात आहोत. निर्मल गाव मागं पडलं. चंपत गाडी हाणतोय, पोलिसांकडून अजून काही कळलेलं नाही. जीवनभाऊ पुढं बसलेत, पण मागं वळून बघायची हिंमत त्यांना होत नाही. मी देवकाबाईंच्या मांडीवर आहे आणि माझी बॅटरी संपत आली आहे. लखनला पाठवलेल्या निरोपापुढं एकच टिक आहे. एक टिक म्हणजे माझ्याकडून निघाला. दुसरी उमटली, की समजायचं, त्याच्या फोनवर पोचला. जीवनभाऊंनी हे देवकाबाईंना समजावून सांगितलं, तेव्हापासून त्यांची नजर माझ्यावरून हललेली नाही.

"अजून चालूच असंन का रे त्याचा डाव?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी आपला हात उचलला, वांग्याच्या काट्यांनी ओरखडलेला, आणि माझ्या काचेवर ठेवला. ढिगावर ठेवतात तसा, चांगला दाबून.

"थांबवा म्हना," त्या म्हणाल्या. "मी हात ठेवला."

लखन, हे जीवनभाऊ बोलत नाहीत, मी बोलतोय. तुझ्या खिशात माझ्याच जातीचा एक जीव बंद पडलाय, त्याला चालू कर. फुगा बघू नकोस, आकडा बघू नकोस, माझ्याकडचा एवढा एक निरोप ऐक आणि मागं फिर. माझा उजेड मालवत चाललाय, पण तुझ्या मायचा हात अजून माझ्यावर आहे. त्या बाजारात आजवर कोणी त्या हाताचा शब्द मोडलेला नाही. तूही मोडू नकोस.