पडद्याची परीक्षा

नयनने लांब आकडीने तिसरा पडदा खाली ओढला, तेव्हा सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या चांगदेव रणपिसे सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. चष्म्याचा काही दोष नाही, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार! पण अशा वेळी माणसाला पुसायला काहीतरी लागतं.

कल्याणच्या त्या कॉलेजात पुढच्या महिन्यात भौतिकशास्त्राची परिषद भरायची होती आणि बीजभाषण सरांचं होतं. जुना पडदा मधोमध फाटलेला. नवा निवडायचा तर तो रणपिसे सरांच्या रिवाजानेच निवडायचा. फळा असो की पडदा, सर शेवटच्या जागेवर बसणार, सगळ्यांत बारीक ओळ मोठ्याने वाचणार; वाचता आली तरच वस्तू पास. विठ्ठलवाडीच्या शाळेत त्यांना कायम मागचा बाक मिळाला आणि फळ्यावरचं निम्मं कधी दिसलंच नाही. त्याचं उट्टं त्यांनी नोकरीला लागल्यावर असं काढलं होतं. आता तोच नियम त्यांच्या गळ्याशी आला होता.

पावसाळ्यापासून दोन्ही डोळ्यांच्या मध्यावर करडा डाग बसला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं, कडेकडेचं तेवढं उरायचं. गेलं ते परत येणार नाही, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हे माहीत होतं फक्त त्यांच्या बायकोला, शालनला. कॉलेजात कळलं तर वर्ग जाणार, भाषण जाणार. आणि मुलांसमोर उभं राहून शिकवण्यावाचून रणपिसे सरांना दुसरं येत होतं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यांनी ती घट्ट आवळून धरली होती. परीक्षेची स्लाइड त्यांनीच पूर्वी बनवलेली, तोंडपाठ. त्या जोरावर आधीचे दोन पडदे निभावून गेले होते.

“सर, मघाचा समोरून एकदम चकाचक, पण साइडने बघाल तर डल मारतो,” नयन म्हणाला. तो याच कॉलेजातून बाहेर पडलेला, आता वागळे इस्टेटमध्ये पडद्या-प्रोजेक्टरचं दुकान चालवत होता. शीळफाट्याच्या ट्रॅफिकने त्याची सकाळ खाल्ली होती. “हा बघा. माझं ऐकाल तर हाच घ्या.”

“तुझं ऐकून घ्यायचा, तर मी इथे कशाला बसलोय रे?”

लॅपटॉपजवळ उभी असलेली माया हसली. तीही सरांचीच विद्यार्थिनी. आता त्यांच्याच विभागात शिकवत होती आणि परिषदेचा सगळा भार तिच्यावर होता.

दिवे मालवले. समोर उजेड भरल्याचं सरांना जाणवलं. ते ताठ बसले, घसा खाकरला आणि वर्गात वाचायचे तसे सावकाश वाचू लागले.

“ही ओळ ज्याला वाचता येते, त्याच्यापर्यंत प्रकाश पोहोचला आहे.” मग पारख केल्यासारखी मान तिरकी केली. “अक्षर ठसठशीत आहे. कडेला किंचित फिकटतं, पण चालेल.”

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत राहिला.

“सर, पण मी अजून स्लाइड कुठे लावलीय?” नयन गोंधळून म्हणाला. “हा गुंडाळलेला होता ना, म्हणून सळ बघायला नुसता पांढरा लाइट—”

“नयन,” माया म्हणाली, “ऑफिसमधून एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन ये.”

“आहे ना इथे एक.”

“अजून एक आण.”

त्याची पावलं दूर गेली. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माया येऊन एक खुर्ची सोडून बसली.

“कधीपासून, सर?”

“झाले बरेच दिवस.”

“मला वाटतच होतं. जिन्यात तुम्ही हल्ली मी बोलेपर्यंत ओळखत नाही. मी कुणाला सांगणार नाही. नयनलाही गप्प करते. भाषण तुम्हाला पाठ असेलच, स्लाइड मी बदलत राहीन. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

किती सोपं होतं! हो म्हणून टाकावं, असं सरांना फार वाटलं. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्याच्या जागी तो डाग होता. ती रडते आहे की नुसती बघते आहे, तेही कळेना.

“आणि प्रश्न विचारायला कुणी हात वर केला, तर?”

दाराशी पावलं वाजली. 

नयन बोर्ड घेऊन परत आला. त्याने मुकाट्याने स्लाइड लावली आणि दबकत विचारलं, “सर, मग फायनल करायचा ना?”

सर पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठले.

“मॅडमना विचार. ठरवायचं ते आता त्या ठरवतील. भाषणही त्याच करतील.”

मायाला त्यांनी आजवर कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

“सर, असं नका ना बोलू.”

सर एकेका खुर्चीला हात लावत दाराकडे निघाले. मागून नयनचा आवाज आला, “मॅडम, हाच ठेवू?”

सर दाराशी थांबले. मला काय विचारतोस, सरांना विचार, असं ती म्हणेल, अजूनही म्हणेल.

“ठेव,” माया म्हणाली.